खोबऱ्याचा बर्फ

पुढच्या आठवड्यात भाऊ आणि वहिनी मुलांना घेऊन कायमचे कॅनडाला चालले, म्हणून काल मुलांबरोबर कुकरमध्ये केक केला आणि खोबऱ्याचा कीस भुरभुरून त्यावर बर्फ पाडला. बर्फ मी कधी पाहिलेला नाही. जी थंडी आपल्याला ठाऊकच नाही, तिच्यात माणसं पाठवताना काय सांगायचं असतं? चार वर्षांच्या सईने कणकेची पाच माणसं करून त्या बर्फात उभी केली. आई, बाबा, दादा, ती आणि मी. "आत्या, तुला स्वेटर नाही," म्हणत तिने माझ्याभोवती पालकाचं पान गुंडाळलं. सात वर्षांच्या दादाने मला अलगद उचललं आणि ओट्यावर ठेवलं.

"आत्या इथेच राहणार आहे," तो म्हणाला.

सई माझ्याकडे बघत राहिली. केकवर माझ्या जागी छोटा खळगा उरला होता. मी त्यावर आणखी थोडं खोबरं भुरभुरलं.