विटा नानांनी धुतल्या नव्हत्या

कारखान्याच्या गेटवरचा तो फ्लेक्स उतरवा.

नानांना जाऊन आज तिसरा दिवस. फ्लेक्सवर लिहिलंय, "आमच्या परिवाराचा आधारस्तंभ हरपला." खाली आमच्या मॅनेजर साहेबांचा फोटो. नानांच्या फोटोपेक्षा मोठा.

लाज कशी वाटत नाही हो?

याच साहेबांनी चार वर्षांपूर्वी "देखभालीत हलगर्जी" असं लिहून नानांना घरी बसवलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काशिनाथ नाना परळीजवळच्या आमच्या कारखान्यात बॉयलरचा धूर साफ करायचं युनिट सांभाळायचे. चिमणीच्या आधी एक मोठी पेटी असते. तिच्यात मधाच्या पोळ्यासारख्या, भोकाभोकांच्या विटा, धातूंच्या ऑक्साइडच्या. धुरात अमोनिया सोडायचा, तो धूर विटांमधून गेला की त्यातल्या विषारी वायूचा जोर संपतो. कॅटॅलिस्ट म्हणतात त्याला.

नाना म्हणायचे, "ही वीट जळत न्हाई, सरत न्हाई. पर खारं पाणी लागलं की मेलीच समज."

हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला बॉयलर बंद होता. मशिनं धुवायची, पुजायची, हा आपला रिवाज. नाना घरच्या घटांसाठी तलवाड्याला गेले होते. साहेबांनी पेटी उघडायला लावली. विटा राखेनं माखलेल्या.

"ह्या घाणीपुढं मालकांनी नारळ फोडायचा का?"

"साहेब, नाना नको म्हनलेत. बोरचं पाणी लई खारं हाय."

"नाना मालक हाय का बे? धू."

प्रेशर पंपानं बोरचं पाणी मारलं. विटा नव्यासारख्या दिसायला लागल्या. हळद-कुंकू, झेंडूचे हार, नारळ. मग सगळ्यांचे फोटो.

दसऱ्यानंतर बॉयलर पेटला आणि चिमणीतला विषारी वायू मोजणाऱ्या मीटरचा आकडा चढत गेला.

बॉयलर पुन्हा बंद करून पेटी उघडली. नानांनी विटेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड.

"कुणी धुतल्या?"

साहेब फोन बघत होते. आम्ही दहा-बाराजण बुटांकडे बघत होतो.

"आरं, कुणीतरी बोला की! मी गावाला गेलतो, ठाव हाय ना तुमाला?"



रिपोर्टमध्ये नानांचं नाव लागलं. तीस वर्षं इमानानं नोकरी केलेला माणूस परळीच्या बाजारात तोंड चुकवून चालायला लागला. विटा आजही त्याच आहेत, मेलेल्या. मीटरचा आकडा मात्र आता कधीच चढत नाही. कसा, ते साहेबांना विचारा.

काल भेटायला गेलो. नानांच्या मुलानं त्यांचा मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात त्या खंडेनवमीचा एक फोटो होता. ग्रुपवरून कोणीतरी त्यांना पाठवलेला.

मी म्हटलं, "नानांकडं हे हुतं? मग दाखवलं कावून न्हाई?"

"बाबा म्हनायचे, ज्याच्या हातात पाईप हाय, त्यानंच आणून दाखवावा. लई वाट बघितली त्यांनी."

फोटो या पोस्टसोबत टाकलाय. झूम करायची गरज नाही. पाईप धरून, दात काढून उभा आहे तो मीच. माझ्या मागं, विटांकडं बोट दाखवणारे साहेब.

उद्या मला कामावरून काढतील. काढा.

नाना, श्रद्धांजली लिहायची माझी लायकी नाही.

फोटो आणलाय. उशीर झाला.