मागच्या काचेचं हँडल

शोरूममध्ये एकाच गाडीची तीन मॉडेलं ओळीनं उभी होती. साधं, मधलं आणि वरचं. तिन्ही पेट्रोल आणि गॅस अशा दोन्हींवर चालणारी, गॅसची टाकी कंपनीतूनच डिकीत बसवून आलेली. विक्रेता म्हणाला, "परदेशात पेट्रोल आणि बॅटरीवरच्या हायब्रिड गाड्या निघाल्यात, मॅडम. आपल्याकडे तूर्त हीच हायब्रिड समजा." आमच्या घरात तोवर हायब्रिड म्हणजे ज्वारी. नवरा मात्र खूश झाला. त्याचं वरच्या मॉडेलवर मन बसलं होतं, हे मला तो दार उघडण्याआधी हात रुमालाला पुसायला लागला तेव्हाच कळलं.

माझं मन कुठल्याच मॉडेलवर बसलं नव्हतं. मला घाम आला होता, आणि शोरूममध्ये एसी चालू होता.

गाडी घ्यायची होती हे खरं. सासरे सटाण्याला एकटे राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. आयुष्य कांद्याच्या व्यापारात गेलं, त्यात बिड्या ओढून छाती खराब करून घेतली. दर महिन्याला त्यांना नाशिकला डॉक्टरांकडे आणावं लागे आणि एसटीत आता त्यांना दम लागायचा. नवऱ्याची सातपूरच्या कारखान्यात पाळीची नोकरी, त्याला हवी तेव्हा सुट्टी नाही. गाडी मी चालवणार हे ठरलेलंच होतं. लग्नाआधी मोटार स्कूलमध्ये शिकले होते, चालवायची भीती नव्हती. पेट्रोलच्या भावात सटाण्याच्या एवढ्या फेऱ्या परवडणार नव्हत्या, म्हणून गॅस. इथपर्यंत सगळा हिशेब माझाच होता. फक्त त्यातली एक गोष्ट मी कोणाजवळ बोलले नव्हते.

नव्वद सालानंतर लगेचची गोष्ट. मुलगी दीड-दोन वर्षांची होती. आम्ही मनमाड स्टेशनवर उतरलो आणि सटाण्याला जायला एका व्हॅनमध्ये बसलो. त्या वेळी भाड्याच्या कितीतरी व्हॅन घरगुती सिलिंडरवर चालायच्या. चालवणाऱ्यालाही माहीत असे, बसणाऱ्यालाही, आणि त्यावर कोणी बोलत नसे. गावाबाहेर पडलो तसा मागून धूर आला. चालकानं गाडी थांबवली आणि उडी मारली. आमचं सरकतं दार जाम झालं होतं. नवरा दाराला लाथा घालत होता. मी काच सरकवली आणि मुलीला त्या फटीतून बाहेरच्या एका अनोळखी माणसाच्या हातात दिलं. डोकं गेलं, खांदे अडकले. मी ढकलले. मग दार उघडलं, आम्हीही सुटलो आणि थोड्या वेळानं व्हॅन जळून गेली. कोणाला काही झालं नाही. मुलीच्या खांद्याला खरचटलं, तेवढंच.

त्यानंतर कुठल्याही गाडीत बसले की माझा हात आधी काचेचं हँडल शोधतो. नवऱ्यानं तो प्रसंग लोकांना सांगून सांगून गुळगुळीत करून टाकला. त्यात आता उडी मारताना चालकाचा लेंगा कसा सुटला, यावर लोक हसतात. मी तो कधीच सांगितला नाही.

तर शोरूम. वरच्या मॉडेलला चारही काचा बटणावर आणि चावी फिरवली की चारही दारं एकदम लॉक. विक्रेत्यानं ते करून दाखवलं. खट्‌ असा आवाज झाला. मी आत होते.

"गाडी बंद असताना काच उघडते का?" मी विचारलं.

"गाडी बंद असताना काच कशाला उघडायची, मॅडम?"

"उघडते का ते सांगा."

त्यानं चावी काढली, बटण दाबलं. काच हलली नाही. "चावी लावली की उघडते," तो म्हणाला.

"आणि वायरिंग जळलं असेल तर?"

त्यानं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टायरकडे पाहायला लागला.

मधल्या मॉडेलला एसी होता, तो आबांच्या छातीसाठी हवाच होता. पुढच्या दोन काचा बटणावर, मागच्या दोन हातानं फिरवायच्या. दारं ज्याची त्यानं लॉक करायची. साध्या मॉडेलच्या सगळ्या काचा हाताच्या, पण एसी नाही. मी मुलीला म्हटलं, "मागे बस. दार उघडायचं नाही. काच खाली घे आणि खिडकीतून बाहेर ये."

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. "आई, प्लीज. लोक बघतायत."

"बघू देत."

"कॉलेज रोडवरचं कोणी असलं तर मी उद्यापासून क्लासला जाणार नाही."

"ये बाहेर."

ती आली. आधी डोकं, मग खांदे. खांद्यांपाशी मी श्वास रोखला होता. मग कंबर अडकली, तशी ती हसायला लागली आणि विक्रेत्याच्या बुटांपाशी हातांवर उतरली. तो म्हणाला, "एवढी टेस्ट ड्राइव्ह कोणी घेतली नव्हती, मॅडम."

आम्ही मधलं मॉडेल घेतलं. रिक्षानं घरी निघालो. गंगापूर रोडच्या सिग्नलला नवरा म्हणाला, "बटणाच्या काचा असत्या तर आबांना बरं पडलं असतं."

"आबा पुढेच बसतात. पुढे बटणच आहे."

"मग मागच्यांनी काय पाप केलंय?"

सिग्नल सुटला. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

गाडी आली, पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं. पुढचे काही महिने मला सगळीकडे गॅसचा वास येत होता. द्वारका चौकात, दिंडोरीच्या रस्त्यावर, सोसायटीच्या गेटशी. दर वेळी मी गाडी बाजूला घेई, सगळ्यांना खाली उतरवी, डिकी उघडून टाकीवर वाके. दर वेळी काही नसे. एकदा शेजारच्या ट्रकचा धूर होता, एकदा गटार. नवरा म्हणायचा, "तू गाडी चालवतेस की गस्त घालतेस?" मुलगी तर वास हा शब्द उच्चारायलाही बंदी आहे म्हणायची. शेवटी मी स्वतःला ताकीद दिली की आता वासासाठी गाडी थांबवायची नाही. भीतीला एकदा रस्त्यावर हात दाखवू दिला की ती रोज लिफ्ट मागते.

आणि वासाचं आणखी एक कारण होतं. सटाण्याहून निघताना आबा गाडी कधी रिकामी पाठवत नसत. रिकामं वाहन दारातून हलवणं त्यांना सहनच व्हायचं नाही. ट्रक असो, सायकल असो, पाहुण्याची पिशवी असो, कांदा पडलाच पाहिजे. मी म्हणायची, "आबा, डिकीत टाकी आहे." ते अहिराणीत म्हणायचे, "टाकीना बाजूले जागा शे ना." आणि हमाल लावून पोतं टाकीच्या कडेला गुडघ्यानं ठासून बसवत. त्यामुळे आमच्या गाडीला कांद्याचा वास कायमचा होता. गॅसला जो वास मुद्दाम लावलेला असतो, तोही सडक्या कांद्याच्याच वळणाचा. हे मला माहीत होतं आणि ते माहीत असूनही मी पोतं नेत होते, कारण सासऱ्यांशी पोत्यावरून कुठवर भांडायचं.

मग उन्हाळ्यातला एक दिवस. आबांना दवाखान्यात दोन दिवस ठेवायचं होतं, म्हणून त्यांची पिशवी मागे मुलीजवळ. आबा मानानं पुढे. काचा बंद, एसी चालू, डिकीत पोतं. देवळा गाव मागे पडलं आणि भावडबारीचा घाट लागला.

"आई," मुलगी म्हणाली, "मी म्हणणार नव्हते, पण वास येतोय."

मलाही येत होता. देवळ्यापासून येत होता. मी दातावर दात धरून चालवत होते.

"कांदा सडेल शे एखादा," आबा म्हणाले. "चालू दे गाडी, सूनबाई."

हा माणूस ट्रॉलीतला एक सडका कांदा लांबून ओळखायचा, असं सटाण्याच्या बाजारात लोक सांगत. त्यांच्या नाकापुढे माझं भित्रं नाक काय. मी एक वळण घेतलं. दुसरं घेतलं. स्टिअरिंगवर माझे तळवे घसरत होते. आरशात मुलगी दिसत होती, तिची मान, तिचे खांदे, आणि त्या खांद्यांच्या मागे फक्त सीट आणि सीटच्या मागे टाकी. आबांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेलेला मला कोपऱ्यातून दिसला.

मी गाडी कडेला घेतली आणि चावी बंद केली. बटणाची काच उघडायला माझा हात पुन्हा चावीकडे गेला आणि तिथून मी तो मागे घेतला. आत गॅस असेल तर कुठलंही बटण नको, ठिणगी उडेल. "मागच्या काचा खाली कर, हातानं," मी मुलीला म्हटलं. "मग उतर आणि मागे जाऊन उभी राहा. लांब."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ती लगेच दोन्ही हँडलं फिरवायला लागली. तेवढाच आवाज होता, करकर. मी वळसा घालून आबांना उतरवलं. काठी, मग एक पाय, मग दुसरा पाय. त्यांची उतरायची पद्धत तशीच होती, घाई त्यात नव्हती. मला त्यांना उचलून फेकावंसं वाटत होतं.

"आबा, काडेपेटी द्या."

"माले डॉक्टरनी बिडी बंद करेल शे. काडेपेटी कुठून?"

"आजोबा," मुलगी लांबून म्हणाली, "डाव्या खिशात."

आबांनी काडेपेटी दिली. माझ्याकडे न बघता.

मी डिकी उघडली, पोतं ओढून काढलं आणि रस्त्याच्या कडेला आडवं केलं. आबा दगडावर बसले आणि त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं. "दाखवतो तुले," म्हणाले. एकेक कांदा हातात घ्यायचा, बुडाशी अंगठा दाबायचा, नाकाशी न्यायचा, बाजूला ठेवायचा. मला थांबायचं नव्हतं, पण मी उभी राहून बघत राहिले, कारण मला त्यात एक सडका कांदा हवा होता. सडका कांदा एवढ्या मनापासून मी आयुष्यात कधी मागितला नसेल. बाजूचा ढीग वाढत गेला. ट्रक हॉर्न देत जात होते. आबांचा हात हळू झाला. पोत्याच्या तळाचे कांदे त्यांनी दोन-दोनदा हुंगले.

"माल चांगला शे," ते शेवटी म्हणाले. "एक बी सडेल नही."

मग ते उठले आणि मुलीचा हात धरून तिला आणखी मागे घेऊन गेले.

मी दवाखान्याच्या पिशवीतून आबांचा साबण काढला. घरात सिलिंडर बदलला की करतात तेच. बाटलीतल्या पाण्यानं साबणाचा फेस केला आणि टाकीपासून निघणाऱ्या पाइपवर तो फेस लावत गेले. फेस माझ्या साडीवरच जास्त पडला. पोत्याच्या रेट्यानं पाइप वाकला होता. नटाशी बुडबुडे आले. बारीक, एकामागून एक, शांतपणे. मी टाकीवरची चावी फिरवून बंद केली. बुडबुडे मंदावले. मग थांबले. तरी मी बराच वेळ तिथेच वाकून त्या नटाकडे बघत होते. 

चारही दारं सताड उघडी ठेवून आम्ही घाटात बसून राहिलो. वारा चांगला होता. वास पूर्ण गेल्याची खात्री मी तिघांच्या नाकांनी करून घेतली आणि मग पेट्रोलवर गाडी चालू केली. चावी फिरवताना दोघांना लांब उभं केलं होतं. मुलगी नंतर म्हणाली, तेव्हा आजोबांनी तिचे डोळे झाकले होते.

कांदे आबांनी तिथेच सोडले. कांदा रस्त्यावर सोडून निघालेले आबा मी त्या एकदाच पाहिले.

मी पुढचं दार धरून उभी राहिले. आबा पुढे आलेच नाहीत. मागचं दार उघडून ते नातीच्या शेजारी बसले, काठी पायांत ठेवली आणि काचेचं हँडल मुठीत धरलं. काच आधीच पूर्ण खाली होती. फिरवायला काही उरलं नव्हतं. तरी नाशिक येईपर्यंत त्यांनी मूठ सोडली नाही.

पुढच्या महिन्यापासून कांदे एसटीनं यायला लागले.