बुडला की अडकला

दिवेलागण जवळ आली की आमच्या गल्लीतल्या बायका घरात यायच्या आणि कोकणकाकू घराबाहेर पडायच्या. कंदिलाची काच पुसून ठेवलेली, तुळशीपुढच्या पणतीत वात घातलेली, तांदूळ धुऊन निथळत टाकलेले, दाराला कडी. पायात काकांच्या जुन्या चपला आणि चाल अशी, की कटंगीची गाडी सुटायला आली आहे. त्या कुठे जातात हे बालाघाटातल्या आमच्या साऱ्या वॉर्डाला ठाऊक होतं. वैनगंगेवर, सूर्य बुडताना बघायला.

घरच्या बाईनं त्या वेळी बाहेर असू नये, असं सगळ्यांचं मत होतं. माझी आई तर तोंडावर बोलायची. "काहून जाता व रोजच्या रोज? सूर्य का तुमच्या माहेरचा हाय?"

"हौ बाई, माहेरचाच," काकू चालता चालता म्हणाल्या. "दुसरं कोणी येत नाही तिकडून."



काकू रत्नागिरीच्या खालच्या अंगाच्या. घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा म्हणे. भाऊ नागपूरला नोकरीला होता, त्यानं तिथेच स्थळ पाहिलं. काका तुमसरकडचे, मँगनीजच्या खाणीच्या कचेरीत कारकून. लग्नानंतर काही वर्षांत आईवडील गेले, घर चुलत्यांकडे गेलं, भाऊ बदली होऊन लांब निघून गेला. काकूंना मूल नव्हतं. गल्लीनं त्यांना कोकणकाकू म्हणायला सुरुवात केली तेव्हा कोकणाशी त्यांचा एवढाच संबंध उरला होता.

नदीच्या काठाला त्या 'किनारा' म्हणायच्या. कुणी हसलं तरी शब्द बदलायच्या नाहीत. चांगला किनारा कुठला, याचे त्यांचे नियम होते. पाणी आपल्यापासून सूर्याकडे लांब पसरलेलं हवं, आडवं वाहणारं नको. म्हणून नदी जिथे पश्चिमेला वळते तिथे बसायचं. थंडीत सूर्य डावीकडे सरकतो, तेव्हा घाटाच्या खाली वाळूत. उन्हाळ्यात तो उजवीकडे जातो, तेव्हा वारासिवनीच्या रस्त्यावरच्या पुलाच्या वरच्या अंगाला, काठावर. पुलावर उभं राहायचं नाही, ट्रकची धूळ येते. एकदा कुणी सांगितलं, हट्टा गावाला मोठी बावडी आहे, खूप पाणी आहे. काकू बसनं गेल्या, पायऱ्यांवरून खाली डोकावल्या आणि परत आल्या. "अगो, ती विहीर गो! त्यात सूर्य कसा मावेल? बेडूक बुडायचे फार तर."

मला त्या बरोबर न्यायच्या, कारण मी बडबड करत नसे. पदराच्या गाठीला फुटाणे असत. सूर्य खाली आला की त्या चघळणं थांबवायच्या. वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर आंबे आणि मोहाची झाडं होती. कुठेही बसलं तरी शेवटी ती आडवी येत. सूर्य पाण्याला टेकणार असं वाटे आणि तो फांद्यांत जाई. मग काकू निकाल द्यायच्या, "अडकला." लगेच उठायच्या, साडीची वाळू झटकायच्या आणि म्हणायच्या, "चल, भात टाकायचाय." हळहळ वगैरे काही नाही. मला त्यांचं हेच आवडायचं.

काका कधी बरोबर आले नाहीत. ते ओट्यावर बसून पेपर वाचत. काकू परत आल्या की पेपर खाली न घेता विचारत, "काय झालं?"

"अडकला."

"हात्तीच्या!"

रोज एवढंच. पण काकांनी ते फार मनावर घेतलं होतं, हे आम्हाला पुढे कळलं. माझ्या मॅट्रिकच्या उन्हाळ्यात ते एक दिवस आमच्याकडे आले आणि दार लावून घेऊन आईला म्हणाले, "वहिनी, मी हिले समुद्रावर नेऊन राह्यलो. तुम्ही बी चला पोरीले घेऊन. हिले सांगू नका, कुठं चाललो ते."

आता आमच्या गल्लीत समुद्र पाहून आलेलं जे कुणी होतं, ते पुरीला जाऊन आलेलं होतं. जगन्नाथाचं दर्शन आणि समुद्र, दोन्ही एका तिकिटात. समुद्र म्हटला की आम्हाला पुरीच. त्याला दुसरी बाजू असते आणि सूर्य एकाच बाजूला बुडतो, हे शाळेत शिकूनही आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

काकू आठवडाभर हवेत होत्या. "समुद्राले चाललो, तयारी कर" एवढंच काकांनी सांगितलेलं. त्यांनी नवी चोळी शिवली. कोकणातल्या चुलत्यांच्या मुलांसाठी चिरोंजी, म्हणजे आमच्याकडची चारोळी, बांधून घेतली. छोट्या लायनीच्या गाडीनं आम्ही गोंदियाला आलो आणि तिथे फलाटावर उभे राहिलो. गाडी आली ती नागपूरकडून. काकूंनी इंजिनाकडे पाहिलं. तोंड कुठे आहे ते पाहिलं. ते पूर्वेकडे होतं.

"ही कुठली हो?"

"हावड्याकडची. मधात बदलायची, मंग पुरी. जगन्नाथाची पुरी!" काकांचा चेहरा असा फुललेला मी आधी पाहिला नव्हता.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि गाडीत चढल्या. चिरोंजीची पुडी त्यांनी वाटेत आम्हा सगळ्यांना वाटून टाकली.

पुरीला दर्शन झालं. संध्याकाळी काकांनी आम्हाला वाळूत ओळीनं बसवलं, तोंडं समुद्राकडे. काकूंना मधोमध. लाटा येत होत्या, आई देवाचं नाव घेत होती, काका पाण्यावर डोळे लावून होते. उजेड कमी होत गेला, पण समुद्रात काहीच घडेना. मी मागे वळून पाहिलं. सूर्य आमच्या पाठीशी, धर्मशाळांच्या छपरांमागे गेला होता.

"काय झालं?" काकांनी विचारलं. रोजच्यासारखंच.

काकूंनीही मागे पाहिलं. "अडकला," त्या म्हणाल्या. रोजच्यासारखंच.

त्यांच्या तोंडून ते सवयीनं गेलं. रागानं नाही, टोमणा म्हणून तर नाहीच. पण काकांनी मान वळवून छपरांकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. ते "हात्तीच्या" म्हणाले नाहीत. काकूंनी घाईघाईनं म्हटलं, "सकाळी उगवताना बघू की! समुद्रातून उगवणारा आमच्याकडे दिसत नाही हो." सकाळी पाहिलाही. चांगला होता. पण परतीच्या गाडीत काका खिडकीकडे तोंड करून बसले ते गोंदियापर्यंत.

"पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या बाजूले जाऊ," ते म्हणाले होते. पुढचा उन्हाळा यायच्या आत त्यांना अर्धांगवायू झाला.

काकूंचं नदीवर जाणं बंद झालं. लग्नानंतर मी माहेरी यायची तेव्हा त्यांच्याकडे एक संध्याकाळ जायची. काकांची खाट अंगणात असे, तोंड घराकडे, कारण उन्हाचा त्यांना त्रास होई. अंगणाच्या पश्चिमेला शेजाऱ्यांची थोरली चिंच. जीभ जड झालेली, तरी ते विचारायचेच, "काय झालं?"

काकू दगडावर चढून भिंतीपलीकडे बघायच्या. "बुडला," त्या सांगायच्या. "सगळा. पाण्यात."

मी शेजारीच उभी असायची. सूर्य चिंचेत असायचा. काका समाधानानं डोळे मिटायचे आणि काकू त्यांच्या पायावर पांघरूण घालायच्या. अशी काही वर्षं गेली.

काका गेल्यावर मी काकूंना न्यायला आले. माझ्या यजमानांची बदली तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावी झाली होती. घरापासून समुद्र चालत जाण्यासारखा, आडवं झाड नाही, छप्पर नाही. मी त्यांना सगळं नीट सांगितलं, कुठली गाडी, कुठे बदलायचं. त्यांनी ऐकून घेतलं.

"नको गो," त्या म्हणाल्या. "पुरीला माझ्या तोंडून निघालं ते निघालं. ते भरून काढायला मी यांना रोज 'बुडला' सांगितलं. आता तिथे खरा बुडताना बघितला, तर ते सगळं खोटं होईल. राहू दे."

मला हे पटलं नाही, तेव्हाही आणि आताही. मी वाद घातला, चिडलेसुद्धा. त्या हलल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

एवढा सगळा प्रवास झाला, तयारी झाली, पण 'तुमचा समुद्र कुठल्या बाजूला, काकू?' हा एक प्रश्न आमच्या गल्लीत कुणी विचारला नाही. तो विचारला असता तर पुरीच्या वाळूत त्यांना 'अडकला' हा शब्द बोलावा लागला नसता.

काकू गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. पाणी लांबपर्यंत होतं आणि पलीकडे काही नव्हतं. सूर्य टेकला, पसरला, बुडला. मी उठले, साडीची वाळू झटकली. घरी भात टाकायचा होता.