गुलबानो चालायला लागली

गुलबानोबद्दल लिहायला बसले आहे, पण आधीच सांगते, मला तिचा हेवा वाटतो. पंचवीस वर्षं वाटतो आहे. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत तिचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून. मांडीवर सूप घेऊन आम्ही शेजारी शेजारी बसून विड्या वळल्या. हात माझा जलद. तिच्या आठशे होईतो माझ्या हजार झालेल्या असायच्या. तरी जाता-येता बायका बोलायला थांबायच्या त्या तिच्याच दारात. माझ्या दारात काय काटे होते, ते मला आजवर कळलेलं नाही.

तिच्या मुलीनं, अरिबानं, बारावीनंतर पुढं शिकायचं काढलं तेव्हा मी शहाणपणा शिकवला, "पोरीला लई शिकवून काय करनार हायस? शेवटी सूपच की मांडीवर." गुलबानो नुसतं "बघू की" म्हणाली. मी माझ्या सिद्धेश्वरीला एकोणिसाव्या वर्षी वळसंगला दिली आणि तोऱ्यात मिरवले. सिद्धेश्वरी आज तिकडं विड्याच वळते. अरिबा झाडांचं शास्त्र शिकली आणि कोकणात, खाडीकाठच्या राखीव जंगलात, लोकांना फिरवून माहिती सांगायच्या कामाला लागली. हे कानावर आलं त्या दिवशी माझ्या शंभरभर विड्या वाया गेल्या.

त्याच वर्षी गुलबानो चालायला लागली. बसून बसून गुडघे आखडले होते, डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं. पदर खोचून, पायात अरिबाचे जुने बूट घालून ती सकाळी वसाहतीला फेऱ्या मारायची. सगळ्यांत आधी मी हसले.

"काय गं, म्हस हरवलीय का तुजी?"

"गुडघं हरवल्यात," ती म्हणाली. "घावलं की सांगते."

महिन्याभरात चार बायका तिच्याबरोबर चालू लागल्या. गुडघे माझेही दुखत होते, पण तेवढ्या वेळात मी दार लावून घ्यायची.

मग अरिबानं आईला तिकडचं जंगल बघायला बोलावलं. वाट सोपी, सपाट, लाकडी फळ्यांची, दोनच किलोमीटर. गुलबानो निरोप घेऊन सरळ माझ्याकडं आली.

"तू पन चल."

"मी कशाला? तुजी पोरगी, तू जा."

"एकटीला करमत न्हाय मला. समुद्र तरी बघितलायस का कदी?"

बघितला नव्हता. गेले. खरं सांगायचं तर, तिथं काहीतरी खोट सापडेल, या आशेवर गेले.

कोल्हापूरला एसटी बदलून पोचलो. मी कडक भाकऱ्यांची चळत नेली होती. आपल्याकडं महिनाभर हूं का चूं करत नाहीत. तिथल्या दमट हवेत दुसऱ्याच सकाळी त्या ओल्या पुठ्ठ्यासारख्या वाकल्या. गुलबानोची शेंगाचटणी मात्र होती तशी राहिली, आणि अरिबाच्या खोलीवरच्या मुलींनी बोटं चाटून खाल्ली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जंगलाला मात्र नाव ठेवता येईना. खारट चिखलात उभी झाडं, त्यांची मुळं जमिनीतून वर डोकावणारी, मधून लाल नांगीचे खेकडे पळत होते. खाडीचं पाणी ओसरलं होतं. मला वाटलं, हिप्परग्याच्या तलावासारखं आटलं असेल, आता पावसाळ्यातच भरायचं. अरिबा म्हणाली, दुपारी परत येईल, रोज दोनदा येतं आणि जातं.

वीसेक माणसं होती, त्यांत वनखात्याचे साहेबही. अरिबाचं काम तीन महिने बघून मग ठेवायचं की नाही ते ठरणार होतं आणि हा शेवटचा आठवडा होता. एसटीत गुलबानोनं मला हे दोनदा सांगितलं होतं. इथलं एक पानही तोडायचं नाही, असं अरिबा सुरुवातीलाच सांगत होती. मी तेव्हा मुद्दाम दुसरीकडं बघत होते.

ही तिची आई, हे कळल्यावर लोक गुलबानोभोवती जमले. कुणी फोटो काढले. मी मागं पडले. एक फांदी कठड्यावरून वाटेत आली होती. जाड, गुळगुळीत पानं, एकालाही भोक नाही. कारखाना आम्हाला देतो ती निम्मी फाटकी, किडकी. माझा अंगठा आपोआप पानावर फिरला. एक खुडलं, मग दुसरं. पंचवीस वर्षांच्या सवयीचे हात, ते काय विचारून काम करतात? भानावर आले तेव्हा तीसेक पानांची गड्डी हातात होती. घाईनं ती आमच्या दोघींच्या खाण्याच्या पिशवीत कोंबली.

वाट संपली तिथं बाकावर पिशवी ठेवली आणि गड्डी घसरून साहेबांच्या पायाशी पडली.

"ही पिशवी कुणाची?"

अरिबाचा चेहरा उतरला. गुलबानोनं पानांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माजी हाय, साहेब. मीच तोडली. हाताला खोड हाय."

मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. उलट, पोरीची ऐट उतरली म्हणून आतून मला गार वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. साहेबांनी अरिबालाच वहीत पानं तोडणारीचं नाव लिहायला लावलं. तिनं आईचं नाव लिहिलं. आणखी दोन महिने बघू, मग ठरवू, असं साहेब म्हणाले.

परतताना मी विचारलं, "कशाला घेतलंस अंगावर?"

"तुला मी आनलं व्हतं. पाहुनीची अब्रू घालवू व्हय? मी आय हाय, मला ती माफ करंल. तुला केलं नसतं."

दोन महिन्यांनी अरिबाचं काम पक्कं झालं. ती घरी आली तेव्हा मी जीव मुठीत धरून गेले आणि सांगून टाकलं, "पानं मी तोडली व्हती."

"माहितेय, मावशी. तिथंच कळलं. अम्मी सगळी देठं एका बाजूला लावते, तुम्ही आलटून-पालटून लावता. तुमच्या दोघींच्या गड्ड्या बघतच मोठी झाले की मी."

"मग आयचं नाव का लिवलंस?"

"अम्मी माझ्याकडं बघत होती."

गुलबानोनं चहा आणून दिला. तो मी गटागट प्यायले. मुलीच्या नोकरीचा हेवा मी कसाबसा गिळला होता. आईनं नुसतं बघावं आणि पोरीनं समजून घ्यावं, याचा कसा गिळायचा?