प्राणहितेतली तिसरी हाक

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट चांदा जिल्ह्यातली निम्मी भुतं मीच जन्माला घातलीत! मी पळवून लावलेला वाघ माझ्या गोष्टीत दर दिवाळीला हातभर वाढतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा हसायचं तर हसा... पण वाचा.

पंचावन्न-छप्पन साल असेल. पाऊस नुकताच ओसरलेला. बांबूचे तीन तराफे घेऊन आम्ही तिघं मित्र चपराळ्याच्या संगमावरून सिरोंच्याला निघालो. पुढे शिवराम, मध्ये मारोती, मागे मी. सहा दिवसांचा प्रवास. ज्याच्या त्याच्या तराफ्यावर मातीची चूल, आपापला भात. प्राणहिता नदी इतकी रुंद आणि शांत, की पलीकडचा काठ लंकेला लागला असावा!

तराफे आदळू नयेत म्हणून बरंच अंतर ठेवायचं. वळणाआड कोणी कोणाला दिसत नसे. म्हणून वळण आलं की शिवराम हाक देई, मग मारोती, मग मी. मागच्याची हाक आली नाही तर पुढच्यांनी काठाला लागून थांबायचं, शोधायला यायचं... अशी रीत.

तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. जवळचा रस्ता म्हणून बेटाआडच्या फाट्यात शिरलो आणि वाळूत रुतलो. म्हटलं, काळजी नाही. येतीलच दोघं.

कोणी आलं नाही. दोन दिवस! ओरडून घसा बसला. शिवरामला अशा शिव्या दिल्या की मासे तळाला गेले. मग शिव्याही संपल्या. पाणी हलेना, पान हलेना. एका बगळ्याला वाघाची गोष्ट सांगायला घेतली, तर तोही अर्ध्यातून उडून गेला.

पुढच्या सकाळी पाणी वीतभर चढलं आणि तराफा सुटला. सिरोंच्याच्या घाटावर पोचलो तेव्हा दोघं बिड्या ओढत बसलेले.

"काऊन रे, मी दोन दिवस वाळूत मरून राह्यलो, अन् तुमी थांबले नाई?"

मारोती हसला. "फेकू नको! शेवटच्या वळणापर्यंत बराबर हाक देत होता तू. मंग कुठी झोपला होता? दोन दिवस झाले, आमी इथी वाट पाहून राह्यलो."

शिवराम हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "गड्या, चवथ्या दिवसाच्या सांजेले तू मले अंधारातून म्हणला ना... सरजा माहेरी नाई, सोडून गेली म्हणून. घरी कोणी नाई, मंग घाई कायची म्हणून. माया घरी ये जेवाले. तवाच म्हणलो तुले, आता पुन्हा सांगतो."

सरजा माझी बायको. तिचा बाप मरणाला टेकलाय म्हणून ती माहेरी आहे, असं सहा महिने मी गावभर सांगत होतो. खरं कोणालाच सांगितलं नव्हतं. वाळूवर एकटा होतो, तिथेसुद्धा ते तोंडातून काढलं नव्हतं.

'मी नाई बोललो ते' हे ओठांवर आलं होतं... पण मग जेवायचं बोलावणंही जाईल असं वाटलं. मी नुसती मान हलवली.

गावी परतल्यावर रोज शिवरामकडे जेवू लागलो. त्याच्या बायकोनं कधी काही विचारलं नाही. नदीवर माझ्या आवाजात कोण बोललं, ते अजून मला कळलेलं नाही. शिवराम गेला. तो मी नव्हतो, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.