मावशींची वाट अडवणारी गाडी माझीच निघाली

तुम्हा सगळ्यांना हे एकच पत्र. वांकिडीचे दादा, खोकला थांबला का? सुमनताई, गुडघा काय म्हणतो? सूनबाई, बाळ रात्री झोपू देतं ना? मी बरा आहे, पण आज सकाळी चांगलाच खजील झालो.

गुडीहत्नूरच्या बाजारात माझं किराणा दुकान आहे, ठाऊकच आहे तुम्हाला. काठी टेकत रोज येणाऱ्या अनसूयामावशी उन्हाळ्यापासून फिरकल्या नव्हत्या. आज देवळात भेटल्या. मी टोमणा मारला, "काऊन मावशी, दुसरं दुकान धरलं का?"

"दुकान कायले बदलू? नालीवरच्या फरशीवरून येत होती मी. तिथं तूच गाडी उभी करून राह्यला. मंग मी ट्रकाईच्या मधातून येऊ का?"

नवी गाडी डोळ्यांपुढे राहावी म्हणून मीच ती फरशीवर लावत होतो. दुकानी पोचताच ती घरामागे नेली. शेजारच्या शिंप्यालाही फरशी मोकळी करायला सांगितलं, तर तो हसला. "शेठ, आधी तुमी लावली, मंग आमी लावली." पण त्यानंही मोटारसायकल हलवली.

संध्याकाळी मावशी फरशीवरून सावकाश आल्या. स्टूल दिलं, बसल्या नाहीत. "घ्यायचं काई नाही आज. बसस्टँडपर्यंत वाट मोकळी हाय का, ते पाहाले चालली."

पुढे अजून सात-आठ दुकानांच्या गाड्या फरशीवरच उभ्या असतात. उद्या मी प्रत्येकाकडे जाऊन हात जोडणार आहे.

तुमच्या दारापुढच्या वाटेवर काय उभं आहे? बघा, आणि लवकर लिहा.