साडूंच्या घराचा कायमचा पत्ता

जगातली एकही वस्तू बेपत्ता राहू नये, एवढ्या एकाच कामासाठी देवानं आमच्या थोरल्या साडूंना भिंगारला पाठवलं असावं, अशी माझी पक्की खात्री आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे, यजमान. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली. काष्टीपासून पाथर्डीपर्यंत असा बांध नसेल ज्याच्यावर उभं राहून त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर मारुतीच्या पारावर बसून शुगरचे आकडे एकमेकांना सांगतात. साडूंनी घर मोजायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या चहाच्या डब्यावर एक नंबर, साखरेच्या डब्यावर दोन. मधेच अक्कानं बडीशेपेची नवी डबी आणली, तर तिच्यावर ‘१/अ’ अशी चिठ्ठी लागली. छत्रीला नंबर, विळीला नंबर. एकदा मी घाईत माझ्या चपला उंबऱ्याला लागून काढल्या, तर परत जाताना त्या फाटकाबाहेर. विचारलं तर म्हणाले, “अतिक्रमन होतं. काढलं.”

अशा घरात राऊटर आला तो मनूमुळे. मनू त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरमधल्या नोकरीला होती आणि महिन्यातले पंधरा दिवस घरून काम करायची. तिनंच इंटरनेट घेतलं, जिन्याखालच्या कोनाड्यात राऊटर बसवला आणि बापाला शेजारी बसवून तो कसा चालतो ते शिकवलं. बापलेकीचं असं गूळपीठ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मग तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मनूनं सांगितलं की तिच्या कचेरीतला एक बंगळूरचा मुलगा तिनं पसंत केलाय. साडू ताडकन उठले आणि बोलून गेले, “जायचं तर खुशाल जा. पन या घराचा पत्ता इसरायचा.” मी तिथंच होतो, हातात पोह्यांची बशी होती. माणसं रागात काहीबाही बोलतात आणि ऐकणारी चार दिवसांत विसरतात. पण मनू या बापाची मुलगी. झालेला हुकूम तिनं जसाच्या तसा पाळला. लग्न करून बंगळूरला गेली, संध्याकाळी न चुकता आईला फोन करायची, पण भिंगारात पाऊल टाकलं नाही की बापाला एक फोन केला नाही. आणि साडूंना ‘चुकलं’ हा शब्द खात्यानं शिकवलेलाच नव्हता. त्यांच्याकडे चूक झाली की तिला फेरमोजणी म्हणतात, आणि त्यासाठी आधी समोरच्यानं अर्ज करावा लागतो.

घर गप्प झालं तसे साडू कोनाड्यापाशी बसायला लागले. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, कॉम्प्युटर चालू झाला की राऊटर त्याला एक आकडी पत्ता देतो. शेवटचा आकडा तेवढा वेगळा, बाकी सगळे सारखे. पण यंत्र बंद करून चालू केलं की हा पत्ता बदलूही शकतो. हे कळल्यावर साडूंना दोन दिवस जेवण गेलं नाही. “आज तीन नंबर, उद्या अकरा नंबर?” ते मला म्हणाले. “यष्टीत रुमाल टाकून जागा धरायची आन् उतरलं की गेली, असं हाय व्हय हे? मानसाला, जिनसेला एक कायमचा पत्ता पायजे.”

मग त्यांनी राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून एकेका यंत्राला एकेक पत्ता कायमचा बांधून दिला आणि त्याची नोंदवही केली. लाल कापडी पुठ्ठ्याची, रकाने आखलेली. एक नंबर राऊटर, त्याच्यापुढे कंसात ‘गावठाण’. तीन नंबर अक्काचा फोन, चार नंबर टीव्ही, पाच नंबर प्रिंटर. पुढं काही बदल करायचा झाला की फ्रिजच्या दारावर नोटीस लागायची, “तमाम खातेदारांस कळविण्यात येते की,” अशी सुरुवात करून. एका नोटिशीवर अक्कानं सही केली नाही, तर तिच्या फोनचं इंटरनेट दिवसभर बंद. अक्का पदर खोचून कोनाड्यापाशी आली. “आवो, पस्तीस वर्सं तुमच्या हाताखाली सही न करता सैपाक केला, आन् आता फोनला सही?” साडूंनी शांतपणे पेन पुढं केलं. तिनं सही केली आणि त्या संध्याकाळी आमटीत मीठ घातलं नाही. दोघांचा हिशोब असा जागच्या जागी मिटायचा.

माझं स्वतःचं दुखणं वेगळंच होतं. माझ्या फोनला त्यांच्या घरात नेहमी शंभराच्या पुढचा पत्ता मिळायचा, आणि तोही दर रविवारी निराळा. मी कारण विचारलं.

“ते गायरान हाय,” साडू म्हणाले. “शंभरापासनं पुढं. येनाऱ्या-जानाऱ्या पावन्यांनी मोकळी जागा बघायची आन् चरायचं.”

“अहो, पण मी साडू आहे तुमचा!”

“म्हनून तर शंभरात हाय तुमी. गॅस दुरुस्तीवाल्याला दीडशेच्या पुढं टाकलं हुतं.”

मी रागारागानं ती वही ओढून घेतली, तेव्हा मला दोन नंबर दिसला. टीव्ही, प्रिंटर सगळे पुढं ढकलून दोन नंबर रिकामा ठेवला होता. तिथं लिहिलं होतं, ‘कु. मनीषा, लॅपटॉप’, आणि शेवटच्या रकान्यात, ‘वहिवाट बंद, मालकी कायम’. पण खरी गंमत त्याच्याही आधी होती. ‘कु.’ वर एक सरळ रेघ मारून वर लाल शाईनं ‘सौ.’ लिहिलं होतं, आणि खात्याच्या रिवाजाप्रमाणे खाडाखोडीशेजारी साडूंची बारीक सही होती. ज्या लग्नाला हा माणूस गेला नाही, त्याची नोंद त्यानं स्वतःच्या हातानं मंजूर केली होती. मी वही मिटून जागेवर ठेवली. ते टीव्हीकडे बघत होते, आणि टीव्ही बंद होता.

पुढच्या महिन्यात कॅमेरा आला. चोऱ्या फार वाढल्यात, असं साडूंनी जाहीर केलं. कॅमेरा ओट्यावर बसवला आणि त्याचं तोंड फाटकाकडे न करता ओट्याच्या कोपऱ्यातल्या पोत्याकडे केलं. त्या पोत्यावर बंड्या झोपायचा. बंड्या हे मनूनं शाळेत असताना दप्तरातून आणलेलं कुत्रं. आता पार म्हातारं झालेलं, एक कान फाटका. मी म्हटलं, “चोर फाटकातून येईल, कॅमेरा कुत्र्याकडं कशाला?”

“चोर आधी कुत्र्याकडंच बघतो,” साडू म्हणाले.

आता हा कॅमेरा घराबाहेरून दिसायला हवा होता. कुठून, ते कुणी बोललं नाही, पण अक्काच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप होतं, पण त्यात चित्र आधी कंपनीकडे जाणार आणि मग आपल्याला दिसणार. साडूंना ते मंजूर नव्हतं. “आपलं आंगन आपल्याच मानसाला दुसऱ्याच्या माळवदावर चढून का दाखवायचं?” त्यांनी राऊटरमध्ये सरळ वाट काढून दिली. बाहेरून अमुक नंबरच्या दारावर कुणी आलं तर त्याला कुठंही न थांबवता कॅमेऱ्यापाशी न्यायचं. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. साडूंच्या वहीत ते ‘वहिवाटीचा रस्ता’ या नावानं आहे. दाराला कुलूप म्हणून पासवर्डही घातला. आणि एवढं करून बाहेरून काही दिसेना.

इंटरनेटवाल्यांच्या कचेरीत मीही बरोबर गेलो. काउंटरवरच्या बाईंनी समजावलं, “काका, तुमच्या राऊटरला बाहेरून स्वतःचा पत्ता नाही. तुमच्या सगळ्या गल्लीला मिळून एकच आहे.”

साडू खुर्चीत मागं रेलले. “म्हंजे आमी सामायिकात हाय?” ते हळूच म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर भावाभावांच्या जमिनींचे पोटहिस्से पाडून दिले, त्याचं स्वतःचं घर वाटणीविना निघालं होतं. दुसऱ्या दिवशी ते टाईप केलेला अर्ज घेऊन गेले, ‘विषय: पोटहिस्सा करून मिळणेबाबत’. बाईंनी तो दोनदा वाचला, मग फोनाफोनी केली, आणि आठवड्यानं भिंगारच्या त्या घराला जगात स्वतःचा पत्ता मिळाला.

पण तो टिकेना. वीज गेली, राऊटर बंद पडला की नवा पत्ता. आणि आमच्याकडे वीज कधी जाते हे विचारण्यापेक्षा कधी येते ते विचारावं. मग संध्याकाळी अक्का चष्मा लावून फोनवर मनूला नवा पत्ता वाचून दाखवायची. “लिही गं. एकशे तीन. टिंब. टिंब म्हंजे आपला ठिपका, कुंकवाचा असतो तसा. मग अठ्ठ्याऐंशी. न्हाई, थांब, अठ्ठ्याहत्तर.” साडू आतल्या खोलीत पेपर वाचत असल्यासारखे बसायचे आणि आकडा चुकला की तिथून ओरडायचे, “अठ्ठ्याऐंशीच हाय ते!” कुणाशी बोलतेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. दोन महिने हे चाललं. मग एक दिवस ते परत कचेरीत गेले आणि कधीच न बदलणारा पत्ता घेऊन आले. त्याला दर महिन्याला जास्तीचे पैसे पडतात. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजारातून तीनदा उलटं फिरणाऱ्या या माणसानं वर्षाचे एकदम भरले.

त्या थंडीत बंड्यानं ओटा सोडला. तो आत येऊन साडूंच्या खाटेखाली पडून राहायला लागला, भाकरीला तोंड लावेना. डॉक्टर आले, सुई देऊन गेले, वयाचं म्हणाले. मी त्या रविवारी तिथंच होतो. सकाळी साडूंचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं आणि फोन तसाच धरून स्वयंपाकघराच्या दारात गेले. अक्का भाकऱ्या थापत होती. तिनं एकदा फोनकडे पाहिलं, आणि कोपरापर्यंत हात पिठात घातले. “माझं हात भरलेत. तुमीच घ्या.”

त्यांनी फोन कानाला लावला. मनूचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. “अण्णा, बंड्या दिसत नाहीये. दोन दिवस झाले, पोतं रिकामंय.”

“बंड्या आत हाय,” साडूंनी पंचनामा वाचल्यासारखं सांगितलं. “खाटंखाली. परवापासनं जेवला न्हाई. डॉक्टर येऊन गेला. सुई दिलीय.”

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, पण अक्का हलली नाही.

“मनू,” साडू म्हणाले, “पत्ता त्योच हाय बरं का. आता बदलत न्हाई. कायमचा करून घेतलाय.”

“मला पाठ आहे, अण्णा,” मनू म्हणाली.

साडूंनी फोन ठेवला आणि ते कोनाड्यापाशी जाऊन राऊटरवरची धूळ पुसत बसले. तिथं धूळ नव्हती. रडणारा पुरुष आमच्याकडे काहीतरी पुसायला घेतो.

तिसऱ्या दिवशी मनू आली, नवऱ्याला घेऊन. बंड्यानं तिच्या हातून दूधभाकरी खाल्ली. तिनं जुना लॅपटॉप उघडला तर तो कुणाला काही न विचारता दोन नंबरच्या पत्त्यावर जाऊन बसला. साडूंनी वहीतली ‘वहिवाट बंद’ची ओळ खोडली, शेजारी सही केली, खाली ‘फेरमोजणी झाली’ असं लिहिलं आणि वही तिच्यासमोर उघडी ठेवून अंघोळीला गेले. तिनं ते पान वाचलं, ‘कु.’चं ‘सौ.’ झालेलंही वाचलं. जावयाला मराठी येत नाही आणि साडूंना मराठीशिवाय काही येत नाही, पण दोघं तास-तास राऊटरपुढे बसून आकड्यांत बोलायचे. दुसऱ्याच दिवशी त्याच्या फोनला सहा नंबर कायमचा मिळाला. मी पंचवीस वर्षांचा साडू, अजून गायरानात आहे.

महिन्याभरानं बंड्या गेला. पोतं उचललं, पण कॅमेरा काढला नाही. त्याचं तोंडही फिरवलं नाही. गेल्या रविवारी सकाळी मी गेलो तर बंड्याच्या जागेवर खुर्ची टाकून साडू बसले होते. भांग पाडलेला, अंगात इस्त्रीचा सदरा. म्हणाले, इथं ऊन चांगलं येतं. मी म्हटलं, “सरळ फोन करावा की तिला, हल्ली व्हिडिओवर बोलता येतं.”

“फोन कराया काम लागतं,” ते म्हणाले. “हितं नुस्तं बसलं तरी चालतं.”

मग त्यांनी खुर्ची थोडी डावीकडे सरकवली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उजवीकडे घेतली. “साडूभाऊ, तुमच्या मोबाईलवर बघा की जरा. मी हद्दीत हाय का?”

मी फोन काढला. त्यातल्या लहानशा चौकटीत ते आखडून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे. मला एकदम फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

“आहात,” मी म्हटलं. “अगदी मधोमध आहात.”